बोंब फक्त दहा वेळा

ऑफिसात तिला सगळे अर्धविराम म्हणायचे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने सी या संगणकभाषेतल्या एका अटीनंतर नको तिथे अर्धविराम टेकवला होता, आणि तेवढ्या एका टिंबशेपटीमुळे अट निकामी होऊन चाचणीच्या टेबलावरचा पंखा, गरम असो की गार, दोन दिवस गरगरत राहिला होता. त्याला आता आठ वर्षं झाली. पंखा भंगारात गेला, नाव तेवढं चिकटलं. तिला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सगळे 'वळसा' म्हणत आणि त्यामागची गोष्ट कुणी सांगायलाही तयार नसे.

त्यांची कंपनी बॉयलरवर लक्ष ठेवणारी पॅनेलं बनवायची. पॅनेल म्हणजे भिंतीवर लावायचा एक पत्र्याचा डबा, त्याला छोटा पडदा, चार बटणं आणि एक भोंगा. आतलं सॉफ्टवेअर अर्धविरामच्या टीमचं. टीमच्या प्रमुखाला पाठीमागे 'पुढची आवृत्ती' म्हणत, कारण कुणीही काहीही दोष दाखवला की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, की ते पुढच्या आवृत्तीत बघू. त्याच्या केबिनमधली खुर्ची गेली तीन वर्षं एका बाजूला कललेली होती. तीही बहुधा पुढच्या आवृत्तीत सरळ होणार होती.

सॉफ्टवेअरमध्ये काही बिनसलं की ओरडायचं काम एका फंक्शनकडे होतं. ते अर्धविरामनेच लिहिलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं बोंब. कोणत्याही सेन्सरचं काही दुखलं-खुपलं की बोंबेला हाक मारायची, मग पडद्यावर ओळ उमटायची, भोंगा वाजायचा आणि लॉगमध्ये नोंद व्हायची. आता सीमध्ये नावं रोमन लिपीत लिहावी लागतात, आणि बोंब रोमन लिपीत लिहिली की ती वाचणाऱ्याला बॉम्ब वाटते. बॉयलरच्या सॉफ्टवेअरमध्ये सदतीस ठिकाणी बॉम्ब आहे, या विचाराने तिला सुरुवातीला हसू यायचं. पुढे सवय झाली.

घरी आई आणि बाबा. दोघांच्या बोलण्याची मिळून सरासरी काढली असती तर ती अगदी योग्य आली असती. आई प्रत्येक गोष्ट अकरा वेळा सांगायची. हा आकडा हवेतला नाही, अर्धविरामने शाळेत असताना एक आठवडाभर मोजून काढला होता. किल्ली घेतलीस का, हे जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत अकरा वेळा ऐकू यायचं, आणि किल्ली हातात धरून दाखवली तरी एकही कमी व्हायचं नाही. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

बाबा प्रत्येक गोष्ट एकदा सांगायचे. पुन्हा विचारलं की म्हणायचे, "एकदा सांगितलं." एवढंच. ते एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात एकतीस वर्षं बॉयलरवर होते. तिथे इतका आवाज असायचा, की बोलणं म्हणजे वाफ फुकट घालवणं असं त्यांचं मत होऊन बसलं होतं. त्यांची एकच पंचाईत होती. ते जे एकदा सांगायचे ते बहुतेक वेळा आईच्या सातव्या आणि आठव्या खेपेच्या मध्ये यायचं, आणि तोवर घरातल्या सगळ्यांनी कान बंद केलेले असायचे.

त्या धुलाईखात्यात अर्धविरामच्या कंपनीचं पॅनेल बसलं तेही आईमुळेच. आईने तिथल्या साहेबांच्या बायकोला आपली मुलगी काय बनवते ते सांगितलं होतं. किती वेळा ते सांगायला नको. अखेर साहेबांनी सुटका करून घेण्यासाठीच पॅनेल मागवलं असावं.

पॅनेल बसलं आणि महिन्याभरात एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "तुमचं पॅनेल फार बडबडतं."

नशीब, आई तेव्हा शेजारी गेली होती. दुसऱ्या दिवशी अर्धविरामने लॉग मागवला आणि डोक्याला हात लावला. धुराड्याच्या झडपेवरच्या सेन्सरची एक तार सैल होती. ती हलली की सेन्सर सेकंदाला शंभर वेळा बोंब मारत होता, 'झडप कुठे आहे कळत नाही'. लॉगमध्ये तीच ओळ लाखभर वेळा होती. भोंगा वाजत सुटायचा, पडदा अडकून बसायचा आणि बाबा शांतपणे पॅनेलवर फडकं टाकायचे.

"तार घट्ट करायला सांगू त्यांना," पुढची आवृत्ती म्हणाला. "पण आपलं सॉफ्टवेअर असं पिसाळलेलं बरं दिसत नाही. बोंबेला आवर घाल."

अर्धविरामने आवर घातला. तीन ओळींचं काम. फंक्शनच्या आत एक स्टॅटिक आकडा ठेवला. साधा आकडा फंक्शन संपलं की पुसला जातो, पण स्टॅटिक आकड्याला मागचं आठवतं, तो मागच्या खेपेला जिथे थांबला तिथूनच पुढे मोजतो. प्रत्येक बोंबेला तो एकाने वाढवायचा, आणि दहाच्या वर गेला की काही न करता परत फिरायचं. रोज सकाळी पॅनेल चालू झालं की मोजणी पुन्हा शून्यापासून. दहाच का, असं वळसाने विचारलं. तिच्या आयुष्यभराच्या अनुभवानुसार अकराव्या खेपेला नवीन माहिती काही नसते, असं तिने सांगितलं.

चाचणीच्या टेबलावर तिने झडपेची तार हलवली. दहा ओळी उमटल्या, भोंगा दहा वेळा वाजला आणि मग सगळं चिडीचूप. पुढच्या आवृत्तीने डोळे मिटून ती शांतता ऐकली आणि चक्क म्हणाला की हे याच आवृत्तीत पाठवू. त्या आठवड्यात नवं सॉफ्टवेअर सगळ्या ग्राहकांकडे गेलं. बाबांनी पॅनेलवरचं फडकं काढलं. याबद्दल ते काही बोलले नाहीत, पण ते काही बोलले नाहीत म्हणजे काम चोख झालं असं घरात धरलं जायचं.

पाच आठवड्यांनी, जेवताना, आई नव्या पडद्यांबद्दल सांगत होती. दुकानदाराने निळे दाखवले, निळे नको, निळ्यावर धूळ दिसते, दुकानदार म्हणाला निळेच घ्या, पण निळ्यावर धूळ दिसते. अर्धविराम ताटात बघून मान डोलवत होती. मधेच बाबांच्या बाजूने काहीतरी आलं आणि गेलं. आई पुन्हा निळ्यावर आली. अर्धविरामने घास तोंडापर्यंत नेला आणि तिथेच थांबवला.

"काय म्हणालात बाबा?"

"एकदा सांगितलं."

"बाबा."

आईसुद्धा गप्प झाली, हे त्या घरात क्वचितच घडायचं. बाबांनी पाण्याचा घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि सांगितलं.

"बॉयलर काढून घेतला माझ्याकडून. सोमवारपासून चादरींच्या घड्या घालायच्या."

मग तिने खोदून खोदून विचारलं तेव्हा एकेक वाक्य बाहेर आलं. मंगळवारी सकाळी पाणी भरणाऱ्या पंपाचा आवाज बाबांना वेगळा वाटला होता. त्यांनी साहेबांना सांगितलं होतं, पंपाचा आवाज बदललाय. एकदा. दुपारी पंप बंद पडला. बॉयलरमधलं पाणी उतरत गेलं आणि पॅनेल गप्प राहिलं. बाबा दर पंधरा मिनिटांनी काचेच्या नळीत पाणी बघायचे, पण ते दोन बघण्यांच्या मधल्या वेळातच रेषेखाली गेलं. मग बॉयलरच्या आतल्या तरंगत्या गोळ्याने विस्तव बंद केला. तो गोळा कुठल्याही सॉफ्टवेअरला विचारत नाही, म्हणून जिवावरचं टळलं. पण वाफ गेली, इस्त्रीचे रोलर गार पडले, आठशे चादरी ओल्या राहिल्या आणि हॉस्पिटलला दुसऱ्या दिवशीच्या दोन शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायलाच हवं होतं.

"पॅनेलवर सूचना आली नाही, असं मी सांगितलं," बाबा म्हणाले. "साहेब म्हणतात, पॅनेल खोटं बोलत नाही. सूचना नाही म्हणजे अचानक काही बिघडलं नाही, पाणी हळूहळू उतरलं असणार आणि मी झोपलो होतो."

निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. एकतीस वर्षांत ज्या माणसाने आगीसमोर डोळा मिटला नाही, त्याच्या नावापुढे आता झोपला होता असं लिहिलं जाणार होतं. अर्धविरामने ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचली. चाचणीच्या टेबलावर पॅनेल चालू केलं, झडपेची तार हलवली. दहा बोंबा, मग शांतता. मग तिने पाण्याच्या भांड्यातून पातळी मोजणारी कांडी उचलून बाहेर धरली. 'पाणी कमी' अशी ओळ यायला हवी होती. आली नाही. भोंगा वाजायला हवा होता. वाजला नाही. ठिबकणारी कांडी तशीच टेबलावर टाकून तिने आपल्या तीन ओळी उघडल्या.

आकडा एकच होता. सदतीस ठिकाणांहून बोंब मारली जायची, पण मोजणी सगळ्यांची मिळून एका जागी. बडबड्या झडपेने तो दहाचा वाटा सकाळीच संपवून टाकला, आणि ज्याला दिवसात एकदाच बोलायचं होतं त्याची पाळी आली तेव्हा दार बंद झालेलं. तार घट्ट करा असं कळवलं होतं, ते साहेबांच्या टेबलावर पडून होतं. आणि तिने चाचणी केली होती ती फक्त झडपेची. जो बोलतो त्याला गप्प करून बघितलं. त्याच्यामुळे आणखी कोण गप्प झालं, हे बघायचं तिला सुचलंच नव्हतं. स्वतःच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर तीस वर्षं काढून हे सुचू नये, याचा तिला सर्वात जास्त राग आला.

पुढच्या आवृत्तीने सगळं ऐकून घेतलं. मग केबिनचं दार लावलं.

"दुरुस्त कर," तो म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत गुपचूप घालू. ग्राहकाला कशाला सांगायचं?"

"सर, त्यांनी बॉयलरवरच्या माणसावर ठपका ठेवलाय."

"ते त्यांचं अंतर्गत आहे."

"तो माणूस माझे वडील आहेत."

तो कललेल्या खुर्चीत आणखी थोडा कलला. "हे बघ, उद्या त्यांनी मीटिंग बोलावली आहे. पॅनेल ठीक होतं, लॉगमध्ये नोंद नाही, एवढं आपण सांगायचं आणि पत्र द्यायचं. लॉग दाखवायला तुला यावं लागेल. विचारलं तेवढ्याचं उत्तर दे. बाकी मूग गिळून बसायचं. नोकरी तुझीही आहे आणि माझीही."

दिवसभर तिने दुरुस्ती केली. बोंब फंक्शनच्या जागी मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे जिथे जिथे हाक मारली आहे तिथे तिथे त्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या जातात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणाला आपापला स्टॅटिक आकडा मिळतो. सदतीस तक्रारी, सदतीस मोजण्या. दहानंतर गप्प, पण मिनिटाला एकदा हिशोब द्यायचा की हीच बोंब आणखी इतक्या वेळा मारली गेली. काम होतं तासाभराचं. उरलेला वेळ ती उद्या काय बोलायचं ते मनात लिहीत आणि खोडत बसली.

मीटिंग धुलाईखात्याच्या वरच्या खोलीत होती. खिडकीखाली धुलाईयंत्रं घरघरत होती आणि टेबल त्यासोबत थरथरत होतं. साहेब मध्यभागी बसले होते. बाबा दाराजवळ उभे होते, खुर्ची रिकामी असूनही. पुढच्या आवृत्तीने पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसला.

"लॉग दाखवा," साहेब म्हणाले.

अर्धविरामने लॅपटॉप जोडला. लॉग उघडायच्या ऐवजी तिने प्रोग्रॅम उघडला. भिंतीवर हातभर मोठी अक्षरं उमटली. साहेब डोळे बारीक करून वाचू लागले, आणि वाचता वाचता त्यांचा रंग उतरत गेला.

"हे काय लिहिलंय?"

"काय, साहेब?"

"बॉम्ब. इथे बॉम्ब. खाली परत बॉम्ब." ते अर्धवट उठले. "आमच्या बॉयलरमध्ये तुम्ही काय घालून ठेवलंय?"

पुढची आवृत्ती पांढरा पडला. आठ वर्षांत त्याने हे फंक्शन कधी उघडून बघितलंच नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"ती बोंब आहे साहेब," अर्धविराम म्हणाली. "'बोंब मारणे'मधली. पण तुम्ही म्हणता तेही अगदीच चूक नाही."

खोलीतल्या सगळ्यांचं लक्ष आता भिंतीवर होतं. एवढ्या लक्षाची तिने अपेक्षाच केली नव्हती. तिने त्या तीन ओळींवर बोट ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. घरात एक माणूस सारखा बोलतो म्हणून आम्ही त्याला गप्प करायला निघालो, आणि घरातल्या सगळ्यांच्याच तोंडाला कुलूप लावून बसलो, असं तिने सांगितलं. लॉगमधल्या मंगळवारच्या सगळ्या मिळून दहा ओळी दाखवल्या, दहाही झडपेच्या. मग पिशवीतून जुनंच सॉफ्टवेअर असलेलं चाचणीचं पॅनेल काढून टेबलावर ठेवलं, तार हलवली, पाण्याच्या पेल्यात बुडवलेली कांडी उचलली. सगळे भोंग्याची वाट बघत राहिले. भोंगा वाजला नाही. खालची यंत्रं तेवढी घरघरत राहिली.

"पॅनेलने सूचना दिली नव्हती," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

पुढच्या आवृत्तीने टेबलावरचं पत्र हळूच आपल्याकडे ओढून घेतलं. साहेबांनी कागद चाळल्यासारखं केलं. "ठीक आहे, बघू," ते म्हणाले, आणि ते 'बघू' अर्धविरामच्या चांगलंच ओळखीचं होतं.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला.

"पुन्हा सांग."

तिने वळून बघितलं. तिच्या उभ्या आयुष्यात बाबांनी कुणालाही पुन्हा सांगायला लावलं नव्हतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली, या वेळी जरा मोठ्याने. "पॅनेल गप्प राहिलं. बॉयलरवरचा माणूस खरं बोलत होता."

"पुन्हा."

"बॉयलरवरचा माणूस खरं बोलत होता."

"पुन्हा."

"अहो, ऐकलं," साहेब म्हणाले. "ऐकू आलं आम्हाला."

"मंगळवारी सकाळी मी एकदा सांगितलं होतं, पंपाचा आवाज बदललाय," बाबा म्हणाले. "तेव्हा नाही आलं ऐकू. म्हणून म्हटलं."

साहेबांनी बाबांकडे बघितलं, मग टेबलाकडे. त्यांना मंगळवारची सकाळ आठवली असावी. मग त्यांनी आपल्या वहीतलं ठपक्याचं पान फाडलं आणि घडी करून खिशात घातलं. घड्या घालायला दुसरा माणूस बघावा लागेल, असं ते कुणाकडेच न बघता म्हणाले.

परतताना गाडीत पुढची आवृत्ती अर्धा रस्ता धुमसत होता. उरलेल्या अर्ध्या रस्त्यात त्याने अर्धविरामला तीन महिन्यांसाठी चाचणी विभागात पाठवायचं जाहीर केलं. तिला ते मनापासून पटलं. आठवड्याभराने तो दुसऱ्या ग्राहकाला फोनवर सांगत होता की आमच्याकडे चूक लपवायची पद्धतच नाही, आणि ते ऐकून वळसाने चहाचा कप तोंडासमोर धरला.

मीटिंगनंतरच्याच सोमवारी ती नवी आवृत्ती घालायला धुलाईखात्यात गेली. बॉयलरची खोली तळघरात, भिंतींना वाफेचा ओलसर वास. बाबा त्यांच्या जागी होते, काचेच्या नळीसमोर, पंपावर एक हात टेकवून. झडपेची तार आता घट्ट होती. तिने ती मुद्दाम सैल करून हलवली. दहा ओळी आल्या, शांतता झाली, मिनिटभराने खाली एक ओळ उमटली, 'हीच बोंब आणखी ६१४ वेळा'. मग तिने पॅनेलला जोडलेली चाचणीची कांडी बादलीतल्या पाण्यातून उचलली.

भोंगा असा काही कडाडला की दोघंही दचकली. 'पाणी कमी', पडद्यावर आलं. बाबा त्या दोन शब्दांकडे बघत राहिले. मग भोंग्याकडे तोंड करून ते काहीतरी बोलले. ओठ हललेले तिला दिसले, पण भोंग्याने ते सगळं गिळलं. तिने घाईघाईने कांडी पाण्यात सोडली. आवाज थांबला.

"काय म्हणालात बाबा?"

त्यांनी फडक्याने काचेची नळी पुसली.

"एकदा सांगितलं," ते म्हणाले.

तिने पुन्हा विचारलं नाही. तार घट्ट केली, पिशवी भरली आणि घरी गेली. काय म्हणाले असतील, याचा ती जिना चढेपर्यंत विचार करत होती. दारात आई उभी होती.

"अगं, तुझ्या बाबांनी फोन केला होता. कामावरून. कधी करत नाहीत. म्हणाले, पोरीनं नाव राखलं. एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला."

"काय म्हणाले?"

"पोरीनं नाव राखलं, म्हणाले."

चपला काढताना आईने ते पुन्हा सांगितलं. चहा टाकताना सांगितलं. शेजारीण साखर मागायला आली तिला सांगितलं, ती जिन्यात पोचल्यावर वरून वाकून पुन्हा सांगितलं, मग आत येऊन कप पुढे करत परत सांगितलं. अर्धविराम खुर्चीत बसून ऐकत राहिली. किती वेळा झालं ते तिने मोजलं नाही.